अरबी समुद्रावरील संदेशांची कोंडी : मुंबई हवाई क्षेत्रातील उपग्रह दळणवळणाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्रस्तावना

दि. ६ व ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर आठशेहून अधिक विमानांना विलंब झाला. हा बिघाड रडारमध्ये नव्हता, धावपट्टीवर नव्हता आणि विमानांतही नव्हता. संदेशांची आपोआप वर्गवारी करून ते योग्य ठिकाणी पोचविणारी संगणकीय व्यवस्था बंद पडली होती. प्रत्येक विमानाचा उड्डाण आराखडा नियंत्रकाच्या पडद्यावर आपोआप येणे थांबले, ते काम हाताने करावे लागले आणि देशातील सर्वांत गजबजलेला विमानतळ एक दिवसाहून अधिक काळ रेंगाळत चालला. वृत्तपत्रांनी या घटनेस ‘तांत्रिक बिघाड’ असे संबोधले. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र त्यात एक जुनी ओळखीची गोष्ट दिसते. आकाशात जागा अपुरी पडण्यापूर्वी संदेशाच्या वाटेवर जागा अपुरी पडते, असा प्रसंग हवाई वाहतुकीच्या इतिहासात वारंवार आलेला आहे.

प्रस्तुत निबंधात मुंबई उड्डाण माहिती क्षेत्राच्या, विशेषतः त्यातील अरबी समुद्रावरील भागाच्या दळणवळणाचा विचार केला आहे. लघुलहरींवरील आवाजी संदेशांपासून उपग्रहामार्फत होणाऱ्या डेटा संदेशांपर्यंतचा हा प्रवास सामान्यतः यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. लेखकाचे मत थोडे वेगळे आहे. वाट रुंद करून कोंडी कायमची सुटल्याचे उदाहरण या इतिहासात सापडत नाही. कोंडी सुटली ती संदेश लहान करून, त्यांची वेळ ठरवून आणि कोणाचा संदेश आधी जाईल याचा नियम घालून. हे तीनही निर्णय यंत्राचे नाहीत, माणसांचे व संस्थांचे आहेत. म्हणूनच ते इतिहासाच्या कक्षेत येतात.

शिरवळसारख्या गावी बसून हा विषय का निवडला, अशी पृच्छा सहकाऱ्यांनी केली. त्याचे साधे उत्तर खंबाटकीच्या घाटात आहे. पुणे-सातारा मार्गावर अनेक वर्षे साताऱ्याकडून येणारी वाहने बोगद्यातून व पुण्याकडून जाणारी वाहने घाटातून अशी विभागणी चालत आली. पुढे नव्या दुहेरी बोगद्याचे काम हाती घेण्यात आले. परंतु सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी रुग्णवाहिका अडकते, तेव्हा प्रश्न रस्त्याच्या रुंदीचा नसतो. तिला वाट कोणी आणि कोणत्या अधिकाराने करून द्यायची, हा असतो. हवाई दळणवळणातही प्रश्न नेमका हाच आहे.

तारेचा वारसा

संदेशांना अग्रक्रम देण्याची कल्पना विमानांबरोबर आलेली नाही. ती तारायंत्राकडून आली. ब्रिटिश हिंदुस्थानात तारेच्या वाटेवर साधी तार, जादा दराची तातडीची तार, सरकारी तार आणि या सर्वांना बाजूस सारून जाणारी ‘क्लिअर द लाइन’ या शिक्क्याची तार, अशी उतरंड होती. गावात ‘तार आली’ एवढे शब्द ऐकताच घरातील माणसे हबकत, याचे एक कारण असे की, सामान्य कुटुंब जादा पैसे मोजून संदेश पाठवी ते बहुधा मृत्यू वा आजारपणाच्या प्रसंगीच. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण तिने लावलेली उतरंडीची सवय हवाई दळणवळणात आजही जिवंत आहे.

बिनतारी दळणवळणाच्या इतिहासात आपल्या भागाचे स्थान मोठे आहे, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. इंग्लंडशी थेट बिनतारी संपर्क साधणारी ‘बीम’ सेवा २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाली, तेव्हा तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे आणि ग्रहण केंद्र दौंड येथे होते. ही सेवा समुद्रातील तारेपेक्षा स्वस्त ठरली. परिणामी तार कंपन्यांचा धंदा इतका खालावला की, अखेर दोन्ही व्यवसायांचे एकत्रीकरण करावे लागले. १ जानेवारी १९४७ रोजी ही व्यवस्था सरकारने ताब्यात घेतली व ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’ अस्तित्वात आली. १ एप्रिल १९८६ रोजी तिचे रूपांतर विदेश संचार निगम मर्यादित या कंपनीत झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले, तेव्हा त्यांच्या विमानात रेडिओ नव्हता. संदेशाची कोंडी होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण संदेशच नव्हता. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तोवर परिस्थिती पूर्ण पालटली होती. डिसेंबर १९४४ मधील शिकागो करारानुसार जगाचे आकाश निरनिराळ्या देशांच्या जबाबदारीत वाटले जात होते आणि या वाटणीत मुंबईकडे अरबी समुद्राचा फार मोठा पट्टा आला. कराची, मस्कत, मोगादिशु, सेशेल्स, माले ही त्याच्या सीमेपलीकडील केंद्रे. हद्द अफाट, आणि तिच्यात रेडिओचा मनोरा उभारण्यास जमीन नाही, हे मुंबईच्या वाट्याला आलेले वैशिष्ट्य.

जमिनीवरील केंद्रांनी परस्परांशी बोलण्यासाठी जी आंतरराष्ट्रीय दूरमुद्रक यंत्रणा उभी राहिली, तिच्यात प्रत्येक संदेशाच्या आरंभी दोन अक्षरे लिहिण्याचा नियम झाला. ‘एस एस’ म्हणजे संकटात सापडलेल्या विमानाचा संदेश. ‘डी डी’ तातडीचा. ‘एफ एफ’ उड्डाणाच्या सुरक्षेचा. ‘जी जी’ हवामान व उड्डाणाच्या नियमिततेसंबंधीचा. ‘के के’ प्रशासकीय. प्रत्यक्ष पाठविताना यांचे तीन गट होत: पहिल्यात केवळ ‘एस एस’, दुसऱ्यात ‘डी डी’ व ‘एफ एफ’, तिसऱ्यात उरलेले दोन. एकाच गटातील संदेश आले त्या क्रमाने जात. संदेशाच्या मजकुरावर १,८०० अक्षरांची मर्यादा होती. ती मनमानी नव्हती. त्या काळातील ५० बॉड वेगाच्या दूरमुद्रकावर मिनिटाला सुमारे ४०० अक्षरे जात, म्हणजे पूर्ण लांबीचा एक संदेश साडेचार मिनिटे वाट अडवून धरी. त्याच्या मागे ‘एस एस’ संदेश येऊन उभा राहिला तर साडेचार मिनिटे हा थोडा काळ नव्हे.

या पाच जोड्यांकडे पाहिले म्हणजे दिल्लीतील २०२५ च्या घटनेचा उलगडा होतो. बंद पडलेली यंत्रणा ही याच दूरमुद्रक व्यवस्थेची वारसदार होती. कागदी फीत फाडून दुसऱ्या यंत्रावर लावणारा कर्मचारी गेला, त्याच्या जागी संगणक आला. परंतु क्रम लावण्याचे काम तेच राहिले. ते काम थांबताच माणसांना पुन्हा फीत फाडणाऱ्याच्या जागी बसावे लागले. याच प्रकारची घटना २८ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रिटनमध्ये घडली होती. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाच्या आराखड्यात एकाच नावाची दोन ठिकाणे होती, एक फ्रान्समधील व दुसरे अमेरिकेतील. संगणकास त्यांतील फरक उमगला नाही आणि मुख्य व राखीव अशा दोन्ही यंत्रणांनी पाठोपाठ काम थांबविले.

लघुलहरींवरील मुंबई

मुंबईच्या किनाऱ्यावरील अतिउच्च कंप्रतेचा रेडिओ, म्हणजे वैमानिक व नियंत्रक ज्यावर स्पष्टपणे बोलतात तो, क्षितिजापलीकडे पोचत नाही. ३५,००० फुटांवर उडणाऱ्या विमानाशी त्याचा संपर्क सुमारे २३० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सव्वाचारशे किलोमीटरपर्यंत राहतो. जेट विमान हे अंतर अर्ध्या तासात कापते. त्यापुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंतच्या काही तासांत वैमानिकाचा आधार म्हणजे आयनांबरावरून परावर्तित होणाऱ्या लघुलहरी. १०,०१८ आणि ८,८७९ किलोहर्ट्झ या कंप्रता ‘मुंबई रेडिओ’ची ओळख होऊन बसल्या होत्या. आजही लघुलहरींचा संपर्क राखीव साधन म्हणून टिकून आहे.

या व्यवस्थेची एक बाजू पाठ्यपुस्तकांत येत नाही. वैमानिक नियंत्रकाशी बोलत नसे. तो बोले रेडिओ चालकाशी. चालक कर्णयंत्रातील खरखरीतून आकडे वेचून घेई, ते परत म्हणून दाखवी, कागदावर उतरवी आणि तो कागद नियंत्रकाकडे जाई. नियंत्रकाचे उत्तर त्याच मार्गाने उलटे परते. एका स्थानवृत्तास, म्हणजे ‘मी अमुक ठिकाणी, अमुक वेळी, अमुक उंचीवर आहे, पुढील ठिकाणी अमुक वेळी पोचेन’ एवढ्या निवेदनास, परतपाठासह दीड मिनिट धरले, तर एका कंप्रतेवर तासाला ४० पेक्षा अधिक निवेदने होऊ शकत नाहीत. ही झाली आदर्श स्थिती. प्रत्यक्षात तीच कंप्रता मॉरिशस, सेशेल्स इत्यादी केंद्रेही वापरीत आणि एक बोलत असता बाकीच्यांना थांबावे लागे. शिवाय रात्री आयनांबराची अवस्था बदलते, खालच्या कंप्रतांकडे वळावे लागते व तेथे वातावरणीय खरखर अधिक. मुंबईहून आखात व युरोपकडे जाणाऱ्या विमानांची गर्दी मात्र नेमकी रात्रीची. निसर्ग आणि वेळापत्रक यांचे असे वैर दळणवळणाच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

यावर १९५० च्या दशकाच्या अखेरीस एक मार्मिक उपाय आला. प्रत्येक विमानास चार स्वरांचा, दोन-दोनच्या जोडीने वाजणारा स्वतंत्र संकेत देण्यात आला. केंद्राने तो वाजविला की, केवळ त्याच विमानात घंटा होई. त्यामुळे वैमानिकांना खरखर ऐकत बसण्यापासून सुटका मिळाली. वाट मात्र रुंद झाली नाही. समुद्राच्या पश्चिमेस, आफ्रिकेच्या आकाशात तर अवस्था अशी की, विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वैमानिकांना १२६.९ मेगाहर्ट्झवर आपापले स्थान स्वतःच घोषित करीत जाण्याची पद्धत घालून दिली. नियंत्रक ऐको न ऐको, निदान शेजारचे विमान ऐकेल, एवढीच त्यामागील अपेक्षा.

कोंडीची किंमत आकाशात मोजली जाई. स्थान उशिरा कळते म्हणून दोन विमानांमधील अंतर जास्त ठेवणे भाग होते; एकाच मार्गावर, एकाच उंचीवर दहा ते पंधरा मिनिटांचे. म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर रिकामे आकाश केवळ संदेश पोचत नाही म्हणून राखावे लागे. ज्या विमानास सोयीची उंची मिळत नसे, ते खालून उडे व अधिक इंधन जाळी. नोव्हेंबर २००३ मध्ये आपल्या प्रदेशात २९,००० ते ४१,००० फुटांमधील उभे अंतर २,००० फुटांवरून १,००० फुटांवर आणले गेले आणि त्या पट्ट्यातील उंचीच्या पातळ्या ७ वरून १३ झाल्या. आकाशाची क्षमता अशी वाढली. संदेशांची वाट होती तेवढीच राहिली.

आर्वी

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे देशातील पहिले व्यापारी भू-उपग्रह केंद्र १९७१ मध्ये उभे राहिले. डिसेंबर १९७१ मध्ये डॉ. विक्रम साराभाई यांचे निधन झाले; त्यांचे नाव या केंद्रास देण्यात आले. खडकी-दौंडच्या बिनतारी सेवेनंतर चव्वेचाळीस वर्षांनी, त्याच पुणे परिसरात, भारताचा बाह्य जगाशी बोलण्याचा मार्ग आयनांबराऐवजी हिंदी महासागरावरील उपग्रहावर येऊन ठेपला. लघुलहरींवर मोजकेच दूरध्वनी मार्ग मिळत. उपग्रहाने ते एकदम कित्येक पटींनी वाढविले आणि हवामानाचा लहरीपणाही संपविला. आर्वीजवळच्याच खोडद येथे पुढे तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. एक यंत्रणा माणसांचे आवाज ऐके, दुसरी ताऱ्यांचे. जुन्नर तालुक्याने दोहोंना जागा दिली.

आर्वीचा संबंध विमानांशी थेट आला नाही, जहाजांशी आला. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या इन्मारसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेचा मूळ हेतू सागरी सुरक्षितता हा होता, आणि हिंदी महासागरावरील तिच्या उपग्रहाशी जोडलेल्या भू-केंद्रांत आर्वीचा समावेश होता. १९८५ मध्ये संस्थेच्या मूळ करारात दुरुस्ती होऊन विमानसेवेस परवानगी मिळाली. म्हणजे विमानांना उपग्रह मिळाला तो जहाजांच्या वाट्यातून. या पाहुणेपणाचे परिणाम पुढे जाणवले.

उपग्रहावरील गर्दी

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८३ मध्ये भावी हवाई मार्गदर्शन पद्धतींचा विचार करण्यासाठी एक विशेष समिती नेमली. तिच्या शिफारशी सप्टेंबर १९९१ मधील माँट्रियल परिषदेने स्वीकारल्या. त्यांचे सार एवढेच की, समुद्रावर आवाजाऐवजी डेटा आणि लघुलहरींऐवजी उपग्रह वापरावा. १९९५ मध्ये दक्षिण प्रशांत महासागरावर बोइंग ७४७-४०० विमानांत ही पद्धत प्रथम आली. भारतात ती २००० ते २०१० या दशकात बंगालच्या उपसागरासाठी आणि त्यापाठोपाठ अरबी समुद्रासाठी अंगीकारली गेली. नियंत्रक आता कळफलकावरून ठराविक वाक्यांपैकी एक निवडतो, ते वैमानिकाच्या पडद्यावर उमटते आणि तो एका कळीने होकार वा नकार देतो. मधला रेडिओ चालक या साखळीतून गळाला.

कोंडी संपली, असे वाटावे अशी ही स्थिती. ती संपली नाही, याचे कारण समजून घेण्यासाठी थोडे तंत्रात शिरणे आवश्यक आहे.

उपग्रह भूस्थिर कक्षेत सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. एका उपग्रहाखाली पृथ्वीचा जवळजवळ तृतीयांश भाग. तेथील शेकडो विमानांना परस्परांचे बोलणे ऐकू येत नाही; त्यामुळे दुसरा बोलत असल्यास थांबावे, ही लघुलहरींवरील सभ्यता येथे पाळता येत नाही. पहिल्या पिढीच्या सेवेत विमानाने लहान संदेश ठराविक कालखंडाच्या सुरुवातीस सरळ पाठवून द्यावा आणि पोच न आल्यास थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवावा, असा नियम होता. ही पद्धत १९७० च्या सुमारास हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी ‘अलोहा’ या नावाने मांडली. कालखंडांची शिस्त नसेल तर तिच्यात वाटेच्या क्षमतेचा जास्तीत जास्त १८ टक्के आणि शिस्त असेल तर सुमारे ३७ टक्के उपयोग होऊ शकतो. त्याहून अधिक विमाने बोलू लागली की, संदेश एकमेकांवर आदळतात, आदळलेले पुन्हा पाठविले जातात, त्यामुळे गर्दी आणखी वाढते आणि पोचणाऱ्या संदेशांची संख्या उलट घटते. वर्गात हात न वर करता सर्वांनी एकदम उत्तर द्यावे, तसा हा प्रकार. म्हणून मोठ्या संदेशांसाठी आधी जागा मागून घेण्याची स्वतंत्र वाट ठेवावी लागली.

वेगही बेताचाच होता. पहिल्या पिढीतील वाटा सेकंदाला ६००, १,२०० आणि जास्तीत जास्त १०,५०० बिटांच्या. शिवाय विमान कंपन्यांनी १९७८ पासून वापरात आणलेली जुनी अक्षराधारित संदेशपद्धत या नव्या सेवेखाली तशीच ठेवण्यात आली. तिच्या एका खंडात २२० अक्षरे मावत. विमानाचे अक्षांश, रेखांश, उंची, वेळ व अचूकतेचा दर्जा एवढे सर्व केवळ ११ बाइटांत बसविण्याचे कौशल्य नव्या पद्धतीने दाखविले. पण तो मजकूर जुन्या अक्षरवाटेने न्यायचा म्हणून त्याची २२ अक्षरे करावी लागत. नव्या घराला जुनाच दरवाजा बसविल्याचा हा परिणाम. विमान कंपन्यांनी आधीची सामग्री मोडीत काढण्यास नकार दिला, हे त्यामागील आर्थिक वास्तव होते आणि त्यासाठी त्यांना दोष देणे लेखकास योग्य वाटत नाही.

खरे नियंत्रण ‘करार’ या संकल्पनेत आहे. नियंत्रण केंद्राचा संगणक विमानाच्या संगणकाशी करार करतो, की दर अमुक मिनिटांनी स्थान कळवावे. किंवा उंची वा मार्ग सुटल्यास लगेच कळवावे. किंवा आत्ता एकदा कळवावे. वैमानिकास त्यात काही करावे लागत नाही. आता हिशेब असा. दोन विमानांमध्ये ५० सागरी मैलांचे अंतर ठेवायचे असेल, तर विशिष्ट दर्जाच्या विमानांसाठी जास्तीत जास्त २७ मिनिटांनी स्थान कळणे पुरे, असा आंतरराष्ट्रीय मानदंड होता. तेच अंतर ३० मैलांवर आणायचे तर मुदत १४ मिनिटांवर आली. समुद्रावर एका वेळी १०० विमाने आहेत असे गृहीत धरल्यास पहिल्या स्थितीत मिनिटाला चारांहून कमी संदेश येतात, दुसऱ्या स्थितीत सात. सीमेजवळील विमानाशी मुंबई व मस्कत दोघांचेही करार असतात, कारण कायद्याने जबाबदारी वाटलेली आहे आणि प्रत्येक केंद्र आपल्यापुरते विचारते. म्हणजे सातांचे चौदा होऊ शकतात. प्रत्येक संदेशाचे पैसे पडतात. आकाशात विमाने जितकी जवळ आणावीत, तितकी संदेशांच्या वाटेवर गर्दी वाढते. एका ठिकाणची कोंडी दुसरीकडे सरकते. अरबी समुद्र व बंगालचा उपसागर यांवरील काही मार्गांवर २०११ पासून ५० मैलांचे अंतर लागू झाले, त्यामागे हा सर्व हिशेब होता.

‘उशीर’ या शब्दास या काळात प्रथमच आकड्यांची व्याख्या मिळाली, हे विशेष नमूद करावेसे वाटते. लघुलहरींच्या काळात संदेश पोचेल तेव्हा पोचे. आता नियंत्रकाने आज्ञा देऊन उत्तर मिळेपर्यंतचा व्यवहार हजारातील ९९९ वेळा २४० सेकंदांत पूर्ण व्हावा आणि स्थानवृत्त १८० सेकंदांत पोचावे, असे मानदंड ठरले. ते पाळले जातात की नाही, हे पाहण्यासाठी प्रत्येक विमान प्रकाराची, प्रत्येक कंपनीची स्वतंत्र आकडेवारी ठेवण्यात येऊ लागली. पूर्वी दोष आयनांबरास देता येत असे; आता त्याला पत्ता सापडला.

कोणाचा संदेश आधी ?

पाहुणेपणाचा उल्लेख वर केला आहे. विमान सुरक्षेच्या उपग्रह संदेशांसाठी १,५४५ ते १,५५५ आणि १,६४६.५ ते १,६५६.५ मेगाहर्ट्झ हे दोन पट्टे राखलेले होते. १९९७ च्या जागतिक रेडिओ परिषदेने हे पट्टे अन्य फिरत्या उपग्रह सेवांसही खुले केले. मात्र पहिल्या सहा अग्रक्रमांतील विमान संदेशांची गरज आधी भागवावी, अशी अट घातली. ‘राखीव’ शब्दाच्या जागी ‘प्राधान्य’ हा शब्द आला. आपल्याकडील आरक्षणाच्या चर्चेशी परिचित वाचकास या दोन शब्दांतील अंतर वेगळे सांगावयास नको. राखीव जागा रिकामी राहिली तरी ती आपली असते. प्राधान्य मात्र दर वेळी मागावे लागते.

विमानाच्या आतही हीच वाटणी आहे. एकाच अँटेनावरून नियंत्रकाची आज्ञा, इंजिनाच्या देखभालीची माहिती आणि प्रवाशाचा दूरध्वनी जाऊ शकतो. वाट अपुरी पडल्यास प्रवाशाचे बोलणे तोडून आज्ञा पुढे जाते. दूरमुद्रकावर ‘एस एस’ येताच ‘के के’ला बाजूस व्हावे लागे, त्याचेच हे नवे रूप.

मालकीचा प्रश्न याहून गंभीर आहे. खडकी-दौंडची सेवा खासगी कंपनीची होती, ती १९४७ मध्ये राष्ट्राची झाली. आर्वी राष्ट्राचे होते. २००२ मध्ये विदेश संचार निगम टाटा समूहाच्या व्यवस्थापनाखाली गेला. अनेक सरकारांची मिळून असलेली इन्मारसॅट १९९९ मध्ये खासगी कंपनी झाली आणि मे २०२३ मध्ये ती व्हायासॅट या अमेरिकी कंपनीने विकत घेतली. मुंबईचा नियंत्रक लक्षद्वीपच्या पश्चिमेस असलेल्या भारतीय विमानास आज्ञा देतो, तेव्हा तिचा मार्ग परदेशी कंपनीच्या उपग्रहावरून जातो. जबाबदारी शिकागो करारानुसार भारताची, वाट दुसऱ्याची. भारताने स्वतःच्या उपग्रहांवर ‘गगन’ ही मार्गदर्शन सुधारणा यंत्रणा उभारली, तिला २०१३ व २०१५ मध्ये मान्यता मिळाली, तसेच देशातील विमानतळ परस्परांना उपग्रहाने जोडले. समुद्रावरील विमान व नियंत्रक यांच्यातील संवादाबाबत असे स्वावलंबन साधलेले नाही. या विषयावर राज्यशास्त्र व वाणिज्य विभागांतील सहकाऱ्यांनीही लिहावे, अशी लेखकाची इच्छा आहे.

मौनाची नोंद

८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचे एमएच ३७० हे विमान नाहीसे झाले. त्याचा संदेशसंच मूक झाला होता, तरी हिंदी महासागरावरील इन्मारसॅटच्या उपग्रहाशी त्याचा क्षीण संबंध काही तास टिकून होता. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील भू-केंद्र विमान तासभर गप्प राहिले की, ‘अजून आहेस का’ अशा अर्थाचा एक छोटासा संकेत पाठवी व विमानाचे यंत्र आपोआप उत्तर देई. हे विचारणे तासाने का, दहा मिनिटांनी का नाही ? कारण गर्दी. हजारो मूक यंत्रांना वारंवार हाक मारली तर बोलणाऱ्यांची वाट अडेल, म्हणून एका तासाची मुदत ठेवलेली होती. विमान दक्षिणेकडे गेले, हा निष्कर्ष त्या मोजक्या उत्तरांच्या वेळेतील व कंप्रतेतील सूक्ष्म फरकांवरून काढण्यात आला. कोंडी टाळण्यासाठी केलेल्या एका साध्या नियमाने शोधाचे क्षेत्र किती अरुंद वा विस्तीर्ण असावे, हे ठरविले. त्यानंतर समुद्रावरील विमानाचे स्थान किमान १५ मिनिटांनी कळावे, असा आंतरराष्ट्रीय नियम नोव्हेंबर २०१८ पासून लागू झाला. २०१९ पासून इरिडियमच्या ६६ उपग्रहांवरील यंत्रे विमानांचे स्थान थेट अवकाशातून टिपू लागली, आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने या सेवेसाठी करार केला.

येथे इतिहासकाराची खरी अडचण सुरू होते. पर्थची नोंद टिकली, म्हणून एवढे तरी कळले. आंतरराष्ट्रीय नियमानुसार हवाई दळणवळणाच्या नोंदी व ध्वनिमुद्रणे किमान तीस दिवस राखावी लागतात. अपघाताची चौकशी नसेल तर त्यापुढे ती ठेवण्याचे बंधन नाही. ज्या साधनांचे आयुष्य तीस दिवसांचे, त्यांवर इतिहास कसा लिहावा ? प्रस्तुत लेखकाने लघुलहरींच्या काळातील नोंदवह्यांविषयी एका कार्यालयात विचारणा केली असता, त्या नियमाप्रमाणे नष्ट केल्याचे सौजन्याने सांगण्यात आले. नियम मोडला गेलेला नव्हता, त्यामुळे तक्रारीस जागाच नव्हती. शिवकाळातील जासुदांच्या मार्गावर असलेल्या शिरवळच्या सुभानमंगळ गढीचे आज फारसे अवशेष उरलेले नाहीत, तरी १६४८ च्या तेथील लढाईविषयी आपण काही सांगू शकतो, कारण कोणीतरी ती लिहून ठेवली. १९७० च्या दशकातील एका रात्री मुंबई रेडिओवर किती विमाने बोलली, कोणाला किती वेळ थांबावे लागले, हे मात्र आपण सांगू शकत नाही. रेडिओ चालकांची ती पिढी आता वृद्ध झाली आहे. तिच्या मुलाखती घेण्याचे काम इतिहास विभागांनी हाती घेतले नाही, तर काही वर्षांनी घेण्यासारखे काही उरणार नाही.

संदेशांच्या बाबतीत सर्व काही जतन करणे अशक्य आहे आणि तशी अपेक्षाही नाही. प्राधिकरणाने दरवर्षीचे केवळ दोन दिवस, एक पावसाळ्यातील व एक हिवाळ्यातील, पूर्ण चोवीस तासांचे समुद्रावरील संदेश त्यांच्या अग्रक्रमासह व पोच मिळाल्याच्या वेळेसह अभिलेखागाराकडे द्यावेत. एका स्थानवृत्ताचा गाभा ११ बाइटांचा असतो. अशा दोन दिवसांचा सर्व मजकूर महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील कोणत्याही साध्या संगणकावर मावेल.